शाल-श्रीफळाच्या आधी कर्मचारी परिषद हवी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

४ ऑगस्ट जवळ आला की नागपुरात विद्यापीठाच्या वर्धापन दिनाची आणि त्यानिमित्त होणाऱ्या गुणगौरवाची चर्चा सुरू होते. १९२३ साली याच तारखेला मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठातून पुढे १९८३ साली अमरावती आणि २०११ साली गोंडवाना ही विद्यापीठे वेगळी झाली, तरी नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांचा कारभार आजही येथूनच चालतो. याशिवाय संस्कृत, पशुविज्ञान, विधी, तंत्रज्ञान अशा विषयांची स्वतंत्र विद्यापीठे शहरात आणि परिसरात उभी राहिली आहेत. या साऱ्या संस्थांमध्ये प्रवेशापासून पदवी प्रमाणपत्रापर्यंतचे प्रत्येक काम ज्यांच्या हातून पुढे सरकते, त्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांविषयी हे पत्र आहे. शहरातील एका विद्यापीठात मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो आणि वयाच्या ५८ व्या वर्षी अधीक्षक पदावरून निवृत्त झालो. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण एखाद्या कार्यालयावर ठपका ठेवणे हा या पत्राचा हेतू नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, कर्मचाऱ्यांचा गौरव कोणाचा आणि कशासाठी व्हावा हे ठरविण्यात खुद्द कर्मचाऱ्यांचा सहभाग असला पाहिजे, आणि त्यासाठी प्रत्येक विद्यापीठात कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली, ठरलेल्या दिवशी भरणारी आणि जिच्या प्रत्येक ठरावाला प्रशासनाकडून लेखी उत्तर मिळते अशी कर्मचारी परिषद असली पाहिजे. परिषदेशिवाय दिलेले पुरस्कार चांगल्या मनाने दिलेले असले तरी योग्य माणसापर्यंत पोहोचत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आमच्याकडे उत्कृष्ट कर्मचारी पुरस्कारासाठी विहित नमुन्यात प्रस्ताव मागविले जात. प्रस्तावाच्या पाच प्रती, विभागप्रमुखाची शिफारस, प्रशस्तिपत्रांच्या छायांकित प्रती, संगणक ज्ञानाचा पुरावा आणि मागील पाच वर्षांचे गोपनीय अहवाल अशी ती मांडणी होती. वनस्पतिशास्त्र विभागात एक प्रयोगशाळा परिचर होते. सहलीहून आणलेली रोपे वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून वाळवायची, पावसाळ्यात त्या घड्या रोजच्या रोज बदलायच्या, नाहीतर एका रात्रीत बुरशी धरते, मग जाड कागदावर शिवून त्यावर चिठ्ठी लावायची, कपाटांत डांबराच्या गोळ्या टाकायच्या आणि किडीचा एक ठिपका दिसला तरी पूर्ण कप्पा रिकामा करायचा, हे काम त्यांनी २८ वर्षे केले. दिवाळीच्या सुटीतही ते दोन-तीन दिवसांआड येऊन कपाटे उघडून पाहत. बाहेरगावाहून आलेले संशोधक हवा तो नमुना मिळाला की विभागाचे आभार मानून जात. या माणसाचे नाव पुरस्कारासाठी एकदाही गेले नाही, कारण त्यांचे काम नमुन्यातील कोणत्याही रकान्यात बसत नव्हते, आणि स्वतःचा प्रस्ताव स्वतः तयार करून विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवण्याचा संकोच त्यांना शेवटपर्यंत वाटला. ज्या सहकाऱ्यांनी त्यांचे काम रोज पाहिले होते, त्यांना त्यांचे नाव सुचविण्याचा अधिकारच नव्हता. ज्यांना पुरस्कार मिळाले ते अपात्र होते असे मी मुळीच म्हणत नाही. मात्र प्रशासकीय इमारतीत, अधिकाऱ्यांच्या नजरेसमोर काम करणाऱ्यांची नावे वारंवार पुढे येत आणि प्रयोगशाळा, वसतिगृह, ग्रंथालय, उद्यान व वीज विभागातील माणसे मागे राहत, हे मी आस्थापना विभागात बसून अनेक वर्षे पाहिले.

त्याच काळात आमच्याकडे एक कर्मचारी सल्लागार समिती नेमण्यात आली होती. तिचा सचिव मी होतो, म्हणून हे जबाबदारीने लिहितो. सदस्य निवडून आलेले नव्हते, प्रशासनाने नामनिर्देशित केलेले होते. पहिल्या वर्षी तीन सभा झाल्या. उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका ज्या मजल्यावर येतात तेथे पिण्याच्या थंड पाण्याची सोय नाही, महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र विश्रांतिकक्ष नाही, निकालाच्या काळात रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्यांना घरी पोहोचविण्यासाठी वाहन नाही, असे विषय कार्यसूचीवर होते. नागपूरचा मे महिना ज्याने अनुभवला आहे त्याला पहिल्या विषयाचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. ठराव एकमताने झाले, इतिवृत्त वर गेले आणि तेथेच राहिले. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त कायम करताना सदस्यांनी विचारले की उत्तर काय आले, तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते आणि मी ‘विषय पुढील सभेत घ्यावा’ एवढेच नोंदविले. चौथ्या सभेला गणपूर्ती झाली नाही, पाचवी बोलावलीच गेली नाही. त्या नोंदीचे मला आजही वाईट वाटते. उत्तर नसल्याची नोंद मी स्पष्ट शब्दांत करायला हवी होती आणि मुदत मागायला हवी होती. पाणी देता येत नव्हते असे नाही. उत्तर देण्याचे बंधन कोणावरही नव्हते, म्हणून ते दिले गेले नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, अभ्यास मंडळे आणि विद्यार्थी परिषद यांच्या तरतुदी विस्ताराने केलेल्या आहेत. कर्मचाऱ्यांसाठी तक्रार निवारण समिती आणि त्यापुढे न्यायाधिकरण आहे. या दोन्ही यंत्रणा आवश्यक आहेत, परंतु त्या एखाद्यावर अन्याय झाल्यानंतर त्याने एकट्याने जाण्याच्या जागा आहेत. ज्यात कोणी दोषी नाही, कोणाविरुद्ध तक्रार नाही, पण शंभर माणसांचे रोजचे काम सुकर होऊ शकते, असा विषय घेऊन जाण्याची जागा त्यांत नाही. विद्यार्थ्यांची परिषद कायद्याने असावी, हे योग्यच आहे. तशीच कर्मचाऱ्यांची का नसावी, असा प्रश्न मला सेवेत असल्यापासून पडत आला आहे.

कर्मचारी संघटना असताना वेगळी परिषद कशाला, असे माझे काही जुने सहकारी विचारतील. संघटनेचे ऋण मी मानतो. आश्वासित प्रगती योजना, वेतन आयोगाची थकबाकी, रिक्त पदे, १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांची जुनी पेन्शन, हे प्रश्न शासनाच्या दारात नेण्याचे काम संघटनाच करू शकते आणि तिनेच केले पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरातील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला तेव्हा विद्यापीठांचे काम नेमके कोण करते हे सर्वांना कळले. नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी आपल्या शहरात होते आणि डिसेंबरच्या थंडीत यशवंत स्टेडियमवरून निघणाऱ्या मोर्चांत मी स्वतः अनेकदा चाललो आहे. पण थंड पाण्याच्या यंत्रासाठी, बदलीच्या वेळापत्रकासाठी किंवा ग्रंथालयातील शिडी मोडली म्हणून मोर्चा काढता येत नाही, आणि काढूही नये. ते प्रश्न त्याच आवारात, वर्षभर, शांतपणे सुटले पाहिजेत.

परिषदेच्या आडून संघटना मोडीत काढली जाईल, ही भीती मात्र निराधार नाही. व्यवस्थापनाच्या मर्जीतील माणसांची समिती उभी करून ‘आम्ही कर्मचाऱ्यांशी बोललो’ असे दाखविण्याचे प्रकार अनेक आस्थापनांत घडले आहेत. म्हणूनच परिषदेच्या नियमांत पहिल्याच कलमात लिहावे की वेतन, निवृत्तिवेतन आणि सेवाशर्तींच्या वाटाघाटी परिषदेच्या कक्षेबाहेर असतील, संघटनेचा प्रतिनिधी प्रत्येक सभेला उपस्थित राहू शकेल आणि एकही सदस्य प्रशासनाकडून नेमला जाणार नाही. शिपाई व परिचर, लिपिकवर्गीय, तांत्रिक, ग्रंथालय, उद्यान व स्वच्छता अशा गटांतून गुप्त मतदानाने सदस्य यावेत, महिलांसाठी जागा राखीव असाव्यात आणि सभा कार्यालयीन वेळेतच व्हावी. शेवटची अट किरकोळ वाटेल, पण संध्याकाळी साडेपाचनंतर ठेवलेल्या सभेला कळमेश्वरहून किंवा उमरेडहून रोज येणारा शिपाई थांबू शकत नाही आणि ज्या महिलेला घरी जाऊन स्वयंपाक करायचा आहे तीही थांबू शकत नाही.

अशा व्यवस्थेचा अनुभव आपल्याकडे जुना आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानेच १०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत मालक आणि कामगार या दोघांच्या प्रतिनिधींची, आणि कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसतील अशी, कार्य समिती नेमण्याची तरतूद केली होती. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९६६ साली संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू झाली, तिच्यात राष्ट्रीय, विभागीय आणि कार्यालयीन अशा तीन पातळ्यांवरील परिषदा आहेत. रेल्वेत वाटाघाटीची कायम यंत्रणा १९५२ पासून आहे. नागपूर हे तर दोन रेल्वे क्षेत्रांच्या विभागीय कार्यालयांचे ठिकाण. आमच्या वस्तीतील एक निवृत्त रेल्वे कर्मचारी सांगतात की तेथे विषयाला क्रमांक पडतो आणि तो निकाली निघेपर्यंत यादीतून जात नाही. मला त्यांचा हेवा वाटतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांमध्ये शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची स्टाफ कौन्सिल असते, तिचे सदस्य वेगवेगळ्या विभागांतून वा पदगटांतून निवडले जातात, सभा बहुधा महिन्यातून एकदा होते, इतिवृत्त सर्वांना वाचायला मिळते आणि वार्षिक कर्मचारी पुरस्कारांच्या कामातही अनेक ठिकाणी तिचा वाटा असतो. त्या परिषदांचे अधिकार सहसा सल्ल्यापुरतेच असतात. मला त्यात उणीव वाटत नाही. सल्ला जर सर्वांसमोर दिला गेला आणि त्याचे उत्तरही सर्वांसमोर द्यावे लागले, तर तो सहजासहजी फाईलखाली दाबता येत नाही.

आणि गौरवाचे म्हणाल तर या शहराला त्याचाही वारसा आहे. १८७७ साली जमशेटजी टाटांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी १८८६ साली आणि अपघाताची भरपाई १८९५ साली या गिरणीत सुरू झाली, म्हणजे तसे कायदे देशात होण्याच्या कितीतरी आधी. चांगल्या कामगारांना बक्षिसे देण्याची प्रथाही तेथे होती. त्या बक्षिसांना वजन आले ते त्यांच्या पाठीशी निवृत्तिवेतन आणि भरपाई होती म्हणून, असे मला वाटते. ज्याच्या म्हाताऱ्या वयाची सोय झालेली आहे त्याला दिलेले बक्षीस तो आनंदाने घरी नेतो.

रेल्वेची आणखी एक पद्धत मला अनुकरणीय वाटते. रुळाला गेलेला तडा वेळीच पाहणाऱ्या किंवा मालगाडीच्या डब्याखाली लोंबणारा भाग पाहून गाडी थांबविणाऱ्या कर्मचाऱ्याला महाव्यवस्थापकांच्या हस्ते सुरक्षा पुरस्कार दिला जातो, तेव्हा कोणत्या तारखेला, कोठे, काय पाहिले आणि काय केले हे सांगितले जाते. पुरस्कार घेणारा ट्रॅकमन असतो, गाडी तपासणारा तंत्रज्ञ असतो, स्थानक अधीक्षकही असतो. आपल्या विद्यापीठीय प्रशस्तिपत्रांत मात्र ‘कर्तव्यनिष्ठा, प्रामाणिकपणा आणि उल्लेखनीय सेवेबद्दल’ हे एकच वाक्य सर्वांच्या नावापुढे छापलेले असते. आस्थापनेत असताना मी स्वतः असे मसुदे केले आहेत. वनस्पतिशास्त्रातील त्या परिचरांच्या प्रशस्तिपत्रावर ‘२८ पावसाळे वनस्पतींचे नमुने बुरशीपासून वाचविल्याबद्दल’ असे लिहिले असते, तर सभागृहातील विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठात असे काही जपलेले आहे हे तरी कळले असते.

म्हणून नाव सुचविण्याचा अधिकार कोणत्याही सहकाऱ्याला असावा, विद्यार्थ्यालाही असावा, आणि प्रस्ताव साध्या मराठीत एका पानाचा असावा. निवड परिषदेच्या समितीने करावी व निवडीचे कारण जाहीर करावे. वैयक्तिक पुरस्कारांच्या जोडीला एखाद्या संपूर्ण चमूचा गौरव असावा, कारण निकाल वेळेत लागतो तो एका माणसामुळे कधीच लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या परिसरात १०८ वी भारतीय विज्ञान काँग्रेस झाली. एवढ्या मोठ्या अधिवेशनामागे नोंदणी, निवास, वीज, पाणी, स्वच्छता आणि वाहने सांभाळणारे किती हात असतात, हे त्या कामाची सवय असलेल्यांनाच ठाऊक असते. पुरस्काराची नोंद सेवापुस्तिकेत झाली पाहिजे, हेही मी आग्रहाने सांगतो. भिंतीवरचे मानचिन्ह पदोन्नतीच्या वेळी कोणी पाहत नाही, सेवापुस्तिका पाहिली जाते.

गौरवाची सुरुवात तर त्याही आधी होते. प्रत्येक कर्मचाऱ्याचा वार्षिक अहवाल, चांगला असो वा वाईट, त्याला कळविला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त खटल्यात स्पष्ट केले. त्यापूर्वी प्रतिकूल शेरे तेवढे कळविले जात. आपल्या साहेबांनी आपल्याविषयी ‘अत्युत्तम’ लिहिले आहे हे माणसाला निवृत्तीपर्यंत कळू नये, अशी ती रीत होती. मी स्वतः अहवालांची पाकिटे सांभाळली आहेत. न्यायालयाच्या त्या निर्णयानंतर एका वरिष्ठ लिपिक भगिनींना त्यांचा अहवाल दाखविला, तेव्हा ‘सर, हे माझंच आहे ना?’ असे त्यांनी दोनदा विचारले.

कंत्राटी आणि रोजंदारीवरील कर्मचाऱ्यांविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिल्याने पहारा, सफाई, संगणकावरील नोंदी आणि कधीकधी थेट परीक्षेची कामेही बाह्य यंत्रणेमार्फत आलेल्या तरुण मुलामुलींकडे गेली आहेत. त्यांची नावे पुरस्काराच्या नियमांत नाहीत, निरोप समारंभाच्या यादीत नाहीत आणि संघटनेच्या सभासद यादीतही बहुधा नसतात. ठेकेदाराने वेतन दिले नाही किंवा पाणी, विश्रांतीची सोय केली नाही तर मूळ मालकाने ती जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मान्य केलेले होते. मग कष्टाची दखल घेताना ‘ते आमचे कर्मचारी नाहीत’ असे कसे म्हणता येईल? परिषदेत त्यांचे किमान दोन प्रतिनिधी असावेत आणि त्यांना मतदानाचा अधिकार असावा. ठेका बदलला की प्रतिनिधीची नोकरी जाईल, हा धोका खरा आहे, आणि परिषदेत बोलल्यामुळे कोणाचेही काम जाणार नाही अशी अट विद्यापीठाला ठेक्याच्या करारात घालता येईल.

निवृत्तीच्या दिवसाबद्दल थोडेसे. शाळेत नाव घालताना अनेकांच्या जन्मतारखा जूनमधील नोंदविल्या जात, त्यामुळे ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांची संख्या मोठी असते. त्या दिवशी शाल, श्रीफळ, एक भाषण आणि खोबऱ्याची वडी असा कार्यक्रम सर्वत्र होतो आणि तो जिव्हाळ्याने होतो. परंतु ज्यांच्या हातात आपण शाल देतो त्यांची सेवापुस्तिका पडताळणीसाठी वेळेत गेली आहे का, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पूर्ण आहेत का, हे सहा महिने आधी कोण पाहते? माझ्या परिचयातील एक शिपाई सत्कारानंतर अकरा महिने त्याच कार्यालयाच्या पायऱ्या चढत होते, कारण १९९० च्या दशकातील एका वेतननिश्चितीवर सही राहिली होती. त्यांच्याकडून ती शाल अजून वापरली गेलेली नाही. परिषदेच्या प्रत्येक सभेच्या कार्यसूचीवर ‘पुढील सहा महिन्यांत निवृत्त होणाऱ्यांच्या प्रकरणांची स्थिती’ हा कायमचा विषय ठेवला, तर असे प्रसंग टळतील, आणि माझ्या मते परिषदेने एवढे एकच काम केले तरी तिचे असणे सार्थकी लागेल.

या सर्वाला खर्च फारसा नाही. कायदादुरुस्तीची वाट पाहण्याचीही गरज नाही, व्यवस्थापन परिषदेच्या एका ठरावाने प्रायोगिक तत्त्वावर दोन वर्षांसाठी कर्मचारी परिषद सुरू करता येईल. सात दिवस आधी कार्यसूची, सभेनंतर दहा दिवसांत मराठीतील इतिवृत्त सूचनाफलकावर आणि प्रत्येक ठरावावर ३० दिवसांत कुलसचिवांचे लेखी उत्तर, मग ते नकाराचे असले तरी चालेल, एवढे तीन नियम पाळले गेले की बाकीचे हळूहळू जमत जाईल.

आमच्या त्या जुन्या समितीच्या तिन्ही सभांच्या इतिवृत्तांच्या प्रती माझ्याजवळ आहेत. परिषदेच्या नियमांचा कच्चा मसुदाही मी आणि आणखी काही निवृत्त सहकाऱ्यांनी मिळून तयार केला आहे. शहरातील कोणत्याही विद्यापीठाच्या कुलगुरूंनी किंवा कुलसचिवांनी आम्हाला बोलावले, तर ही कागदपत्रे घेऊन आम्ही येऊ. मतदार यादी तयार करणे, निवडणूक घेणे आणि पहिल्या वर्षाच्या सभांचे इतिवृत्त लिहिणे ही कामे विनामूल्य करण्याचीही आमची तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अधीक्षक
त्रिमूर्तीनगर, नागपूर